त्याची आई जेवायला गेलीय

एप्रिलमधली सकाळ, ओहोटी पुरी लागलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मॉस बीच नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या फिट्झजेरल्ड सागरी अभयारण्यात पाणी मागे सरलं की काळे खडक उघडे पडतात आणि त्यांवर सील येऊन पसरतात. पुण्याहून आलेल्या आईला ते दाखवायचे म्हणून मी तिला घेऊन गेले होते. तिच्या नजरेला पडलं ते मात्र कळपापासून लांब, वाळूवर एकटंच असलेलं पिल्लू. दोन-अडीच फुटांचं, राखाडी, अंगभर ठिपके. डोळ्यांखाली ओल्या रेघा.

"अगं, रडतंय ते. ह्याची आई कुठंय?" म्हणत तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढलीसुद्धा.

मी तिचा दंड धरला. "त्याची आई जेवायला गेलीय," म्हटलं. तिला काही ते पटलं नाही. तान्ह्याला असं उघड्यावर टाकून?

आधी रडण्याचं बघू. आपल्या डोळ्यांतलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडताना नाक वाहतं. सीलला ती नळीच नसते. खारं पाणी आणि वाळू यांच्यापासून डोळे जपायला अश्रू सतत पाझरतात आणि गालावरून ओघळतात. उलट डोळ्यांभोवतीची ही ओली कडा कोरडी पडली, तर प्राणिवैद्यांना काळजी वाटते, कारण ते अंगातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण असतं. थोडक्यात, पिल्लाची तब्येत ठणठणीत होती आणि बाटलीची गरज कुणालाच नव्हती.

आता आईबद्दल. हे हार्बर सील. पूर्ण वाढलेली मादी माणसाएवढी लांब आणि वजनाला साधारण शंभर किलोच्या आसपास. पिल्लाला ती चारेक आठवडे पाजते. तिच्या दुधात जवळजवळ निम्मी चरबी असते आणि पिल्लाचं वजन तेवढ्या काळात दुप्पट किंवा त्याहून जास्त होतं. एवढं दूध तयार करायला लागणारी सगळी शिदोरी अंगावर बाळगण्याइतका देह तिच्याजवळ नाही. म्हणून मधूनमधून तिला मासे धरायला जावंच लागतं आणि तेवढा वेळ पिल्लू पुळणीवर थांबतं. ती परत येते, पण आजूबाजूला माणसं घोळका करून उभी असली तर पाण्यातच घिरट्या घालत राहते. म्हणजे "आई सोडून गेली" असं म्हणत भोवती जमलेले लोकच तिला परत येऊ देत नाहीत. २०१६ साली वॉशिंग्टन राज्यात एका बाईनं असंच एक पिल्लू कळवळून पिशवीत घालून घरी नेलं होतं. ते वाचलं नाही.

आपण मराठीत सर्रास 'सील मासा' म्हणतो. देवमाशाप्रमाणे यालाही आपण माशांत ढकललंय. खरं तर हा अस्वल आणि पाणमांजर यांच्या भाऊबंदांतला सस्तन प्राणी. पाण्यात वावरतो, पण श्वास हवेतच घेतो आणि बाळंतपणासाठी जमिनीवर येतो. 'मासा' म्हटल्याचा तोटा असा की किनाऱ्यावर दिसला की तो पाण्याबाहेर पडलाय, तडफडतोय, असं वाटतं आणि हात त्याला ढकलायला पुढे होतात. वाळूवर पडणं हा त्याच्या दिवसाचा ठरलेला भाग आहे. डोकं आणि शेपटाकडचा भाग वर उचलून केळ्यासारखं वाकलेलं सील दिसलं, तर ते मजेत आहे असं समजावं. पातळ कातडीचे हे दोन टोकांचे भाग कोरडे ठेवले की अंगातली ऊब टिकते.

ऊब हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं आणि इथला समुद्र बहुतेक वर्षभर १० ते १५ अंश सेल्सिअस असतो. मी सर्फिंग शिकायला जाते तेव्हा जाड रबरी सूट चढवूनही तासाभरात बोटं बधिर होतात. सीलचा सूट म्हणजे कातडीखालची चरबी. थंड पाण्यात ते कातडीकडचं रक्त आखडतं घेतं आणि आतली उष्णता आतच राहते. पण जुनी लव टाकून नवी आणायची तर कातडीला रक्त पुरवावंच लागतं. ते पाण्यात केलं तर ऊब भराभर निघून जाईल. मग करायचं काय? किनाऱ्यावर येऊन पडायचं.

याचा सगळ्यात विचित्र देखावा बघायचा असेल तर मॉस बीचपासून तीन-चार तास दक्षिणेला, सॅन सिमियॉनच्या वरच्या अंगाला पिएद्रास ब्लांकास इथे जावं. महामार्गाला लागूनच लाकडी फळ्यांची वाट आहे, तिकीट नाही. खाली वाळूवर एलिफंट सील शेकड्यांनी पडलेले असतात. नराचं वजन दोन टनांच्या वर जातं आणि नाक सोंडेसारखं लोंबतं. एप्रिल-मेमध्ये माद्या आणि लहान वयाचे सील आपल्या सापासारखी कात टाकतात. 'कात टाकणं' हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू आहे, कारण नुसते केस नाही, कातडीचा वरचा थर पापुद्र्यांसकट सोलून निघतो. महिनाभर ते खातपीत नाहीत, नुसते पडून असतात. बघणाऱ्याला वाटतं की याला कसला तरी भयंकर त्वचारोग झालाय.

एलिफंट सीलची मादी शिदोरी अंगावर घेऊन येते. पिल्लाला सुमारे ४ आठवडे पाजताना ती एक घासही खात नाही आणि आपल्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गमावते. पिल्लू ३५ किलोंवरून १३० किलोंच्या आसपास जातं. मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते आणि या वेळी परत येत नाही. पिल्लू दोन महिने तिथेच चरबीवर जगतं, उथळ पाण्यात पोहायला शिकतं आणि भूक असह्य झाली की स्वतः निघतं. इथे "आई सोडून गेली" हे खरं असतं, तरी काळजीचं कारण नसतं.

ते समुद्रावर काय करतात हे समजलं की किनाऱ्यावरच्या या आळसाचा अर्थ लागतो. एलिफंट सील वर्षातले आठ ते दहा महिने पाण्यात असतात आणि वरचेवर शेकडो मीटर खोल बुडी मारतात. प्रसंगी दीड किलोमीटरच्याही खाली जातात. बुडी मारण्याआधी ते फुप्फुसं जवळजवळ रिकामी करतात, कारण त्यांचा प्राणवायूचा साठा रक्तात आणि स्नायूंत असतो. झोपायचं कधी, हे कोडं २०२३ मध्ये संशोधक जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी सोडवलं. त्यांनी सीलच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी नोंदवणारी टोपी बसवली. समुद्रात असताना हा प्राणी दिवसाला सरासरी दोनच तास झोपतो, तेही दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांनी. खोलवर गेल्यावर तो उलटा होतो आणि झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत खाली जातो. शार्क आणि किलर व्हेल वरच्या पाण्यात फिरत असतात, त्यांच्या टप्प्याबाहेर जाऊन घेतलेली झोप आहे ती. किनाऱ्यावर मात्र हेच सील दिवसाचे दहाएक तास घोरतात.

गंमत म्हणजे हे एलिफंट सील एकोणिसाव्या शतकात तेलासाठी जवळजवळ संपवले गेले होते. १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर मूठभर सापडले, तर शोधणाऱ्यांनी त्यांतले बहुतेक संग्रहालयासाठी मारले! १९२२ मध्ये मेक्सिकोनं संरक्षण दिलं आणि आज त्यांची संख्या दोन लाखांच्या घरात आहे. पिएद्रास ब्लांकासला ते १९९० मध्ये आले आणि १९९२ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारचं कामकाज ठप्प होऊन राष्ट्रीय उद्यानांतले कर्मचारी घरी बसले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेसच्या ड्रेक्स बीचवर एलिफंट सीलनी वाळू ओलांडून वाहनतळापर्यंत मुक्काम ठोकला. हाकलायला कुणी नव्हतं.

किनाऱ्यावर आपण सीलकडे जातो, पाण्यात ते आपल्याकडे येतं. मॉस बीचजवळच्या पॅसिफिका गावातल्या लिंडा मार किनाऱ्यावर लाटेची वाट पाहत बसले असताना एकदा दहा फुटांवर टक्कल पडलेल्या आजोबांसारखं डोकं वर आलं. काळेभोर डोळे, टपटपणाऱ्या मिशा. बघितलं, बुडालं, फळीच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा वर आलं. त्याला माझा पत्ता डोळ्यांपेक्षा मिशांनीच आधी लागला असेल का? जर्मनीतल्या ग्वीडो डेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की डोळे झाकलेलं हार्बर सील, छोट्या पाणबुडीनं मागे सोडलेल्या पाण्याच्या हालचालीचा माग नुसत्या मिशांनी काढत जातं. गढूळ पाण्यात मासा कुठून गेला, हे त्याला असं कळतं. सर्फबोर्डवरून लोंबकळणारे दोन पाय त्याला चुकणं शक्यच नव्हतं.

मी पाय वर घेतले. भीतीपेक्षा एका माहितीमुळे. सीलच्या तोंडात मायकोप्लाझ्मा गटातले जिवाणू असतात आणि चाव्यातून बोटाला गेले तर बोट सुजून सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. नॉर्वेतल्या सील-शिकाऱ्यांना हा आजार चांगलाच परिचयाचा होता. पेनिसिलिनला तो दाद देत नाही, टेट्रासायक्लिन गटातली औषधं लागतात. म्हणून चावा बसलाच तर डॉक्टरांना "सील चावलं" हे आवर्जून सांगायचं, नाहीतर उपचार भलतीकडेच जातात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३९ या धक्क्यावर आपले पाहुणे ज्यांना 'सील' म्हणत फोटो काढतात ते समुद्रसिंह, म्हणजे सी लायन. त्यांना बाहेरून कान दिसतात आणि ते पुढच्या वल्ह्यांसारख्या परांवर उभे राहून चालतात. सील पोटावर सरपटतं. सर्फिंग करणाऱ्याला या फरकाचा उपयोग आहे. काही वर्षी स्यूडो-निट्शिया नावाचं सूक्ष्म शेवाळ माजतं आणि त्यातलं डोमोइक आम्ल माशांवाटे समुद्रसिंहांच्या मेंदूपर्यंत पोचतं. १९९८ मध्ये मॉन्टेरे परिसरात याच विषानं चारशेहून जास्त मेले. विष चढलेला समुद्रसिंह मान हलवत राहतो, झटके येतात, कधी अंगावरही धावून येतो. असं काही दिसलं की सरळ पाण्याबाहेर यायचं.

१९७२ च्या अमेरिकी कायद्यानं सील आणि समुद्रसिंहांना त्रास देणं गुन्हा आहे. अंतर सुचवलंय ते ५० यार्डांचं, म्हणजे क्रिकेटच्या सव्वादोन खेळपट्ट्यांएवढं. पण त्याहून खरी मोजपट्टी प्राण्याकडेच असते. त्यानं मान उचलून तुमच्याकडे रोखून पाहिलं, की तुम्ही जास्त जवळ आलात. प्राणी खरंच जखमी वाटला किंवा गळ्यात दोरी अडकलेली दिसली, तर हात न लावता बचाव केंद्राला फोन करावा. सॉसलिटोचं मरीन मॅमल सेंटर १९७५ पासून हेच काम करतं.

हे सगळं आईला कड्यावरच्या बाकावर बसून सांगितलं. भरती चढू लागली, पाणी पिल्लापर्यंत आलं. खडकांपलीकडे चार-पाच डोकी वरखाली होत होती. त्यांतलं एक बराच वेळ एकाच जागी थांबलं होतं. "तीच," आई म्हणाली. तीच होती की नाही, एवढ्या लांबून कळणं शक्य नव्हतं. पण पिल्लू पाण्यात घसरेपर्यंत आई बाकावरून उठली नाही, आणि बाटलीतलं पाणी तिनं स्वतःच संपवलं.