पाणबुडी ‘पिंग’ करत नाही

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत ‘वाघशीर’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी पंतप्रधान खारघरच्या इस्कॉन मंदिरातही येणार होते, त्यामुळे आम्हा नवी मुंबईकरांचा टीव्ही सकाळपासून चालूच होता. एका वाहिनीवर पाणबुडीचं दृश्य आलं रे आलं की मागे ‘पिंऽऽग… पिंऽऽग’ सुरू व्हायचं. चित्रपटवाल्यांनी लावलेली ही सवय बातम्यांतूनही जात नाही.

खरं तर पाणबुडी असा आवाज सहसा काढतच नाही. पिंग म्हणजे शत्रूवर आदळून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याला शोधायला सोडलेला आवाज. तो शत्रूपर्यंत जाताना विरतो आणि आदळून परत येताना पुन्हा विरतो. शत्रूच्या कानावर मात्र तो एकाच फेरीत, कितीतरी जोरकस पडतो. म्हणजे आपल्याला शत्रू सापडायच्या आधी शत्रूला आपण सापडतो. लपून राहणं हेच जिचं शस्त्र, ती असं का करेल? ती गप्प राहते आणि ऐकते. या नुसत्या ऐकण्याच्या यंत्रणेला पॅसिव्ह सोनार म्हणतात.

ऐकण्यात कसली आली अडचण, असं वाटेल. अडचण दिशेची आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. आपल्या दोन कानांत वीसेक सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे बाजूने आलेला आवाज एका कानाला सुमारे ०.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात हे जमत नाही. १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवला, आणि दूरच्या होडीत बसून भडका दिसणं नि घंटा ऐकू येणं यांतला वेळ मोजला. वेग आला सेकंदाला १४३५ मीटर. खाऱ्या समुद्रात तो १५०० च्या आसपास असतो. म्हणजे कानांतला फरक चार-साडेचार पटींनी आकसतो आणि मेंदूची गाडी घसरते. तरणतलावात बुडी मारा आणि कुणाला तरी पाण्याखाली दोन दगड आपटायला सांगा. आवाज चहूकडून आल्यासारखा वाटेल.

पहिल्या महायुद्धात यावर साधा तोडगा निघाला. आडव्या नळीच्या दोन टोकांना रबरी फुगे लावले, नळी पाण्यात सोडली आणि एकेका कानाला एकेक टोक जोडलं. कानांतलं अंतर कृत्रिमरीत्या वाढवलं, बस्स. नळी फिरवत राहायचं आणि आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध आला की दिशा मिळाली. फक्त ऐकताना स्वतःचं जहाज थांबवावं लागे, नाहीतर आपल्याच इंजिनाखेरीज काही ऐकू येत नसे.

पुढची उडी जर्मनांची, आणि या लेखाचं खरं कारण तीच. त्यांच्या यंत्राचं नाव जीएचजी, म्हणजे ‘गटाने ऐकायचं यंत्र’ या अर्थाच्या जर्मन नावाचं लघुरूप. पाणबुडीच्या नाकाडाच्या दोन्ही बाजूंना हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनची, एकेक रांग बसवलेली. नंतरच्या आवृत्तीत एकेका बाजूला २४. एकही हायड्रोफोन हलत नाही, तरी यंत्र हव्या त्या दिशेला ‘कान वळवतं’. कसं?

पाडव्याला ठाण्यात स्वागतयात्रेपुढे चालणारं ढोल पथक आठवा. शंभर फूट लांब रांगेत सगळे एकाच ठोक्यावर वाजवतात, पण रांगेच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं तर मागचे ढोल किंचित मागून येतात आणि ठोका पसरतो. आता जवळच्या ढोलांचा आवाज तेवढाच रोखून धरता आला, तर सगळे ठोके पुन्हा एकावर एक बसतील.

जीएचजी हेच करायचं. समजा दोन हायड्रोफोन अर्ध्या मीटरवर आहेत आणि आवाज रांगेला काटकोनात असलेल्या दिशेपासून ३० अंश पुढून येतोय. मागच्या हायड्रोफोनपर्यंत पोचायला त्याला पाव मीटर जास्त जावं लागतं, म्हणजे सेकंदाचा ६००० वा भाग उशीर. पुढच्याचा विद्युत संकेत तेवढाच उशिरा सोडायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. त्या दिशेचा आवाज जुळून मोठा होतो, बाकी दिशांचे आवाज एकमेकांत अडखळून मरतात. वेगळी दिशा हवी? उशीर बदला.

चोवीस हायड्रोफोनचे चोवीस उशीर दर वेळी बदलायचे, तेही संगणकाशिवाय. त्यासाठी केलेली युक्ती मला अजूनही थक्क करते. ऐकणाऱ्यासमोर एक चाक. चाकाला जोडलेल्या तबकडीवर हायड्रोफोनच्या मांडणीचा छोटा नकाशाच, प्रत्येक हायड्रोफोनच्या जागी विजेचा एक स्पर्शबिंदू. तबकडीला टेकून समांतर धातूपट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे उशीर लावणाऱ्या मंडलाची पुढची पायरी. चाक फिरवलं की नकाशा फिरतो आणि प्रत्येक बिंदू आपोआप योग्य उशिराच्या पट्टीवर जाऊन बसतो. शाळेत आपण ज्याला साइन म्हणून घाबरलो, ते गणित इथे नुसतं फिरून सुटतं.

बेरजेचा दुसरा फायदा थोडा चिवट आहे, पण सोडवत नाही. N हायड्रोफोनची बेरीज केली की हव्या त्या आवाजाची उंची N पट होते. समुद्राची खळखळ मात्र प्रत्येकाकडे वेगळी आणि अनियमित, म्हणून ती फक्त √N पट वाढते. २४ चे वर्गमूळ पाचच्या जरा आत. म्हणजे आवाज २४ पट, गोंगाट पाचपट. पॅसिव्ह सोनारच्या विकासाचा इतिहास तीक्ष्ण कानांपेक्षा मोठ्या बेरजांचा आहे तो यामुळे. मे १९४१ मध्ये ‘प्रिन्झ ऑयगेन’ या जर्मन क्रूझरने ब्रिटिशांची ‘हूड’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही जहाजं दिसायच्या आधीच ऐकली होती. युद्धानंतर अमेरिकेने पकडलेल्या जीएचजीवरून स्वतःचं बीक्यूआर-२ हे सोनार बेतलं.

दिशा किती बारीक कळेल, हे मात्र तरंगलांबी भागिले रांगेची लांबी यावर ठरतं. १००० हर्ट्झला (सेकंदाला १००० कंपनं) पाण्यातली तरंगलांबी दीड मीटर, १०० हर्ट्झला १५. दूरवर पोचतात ते खर्जातलेच आवाज, आणि पाणबुडीच्या नाकाडावर मावते जेमतेम काही मीटरची रांग. म्हणून हायड्रोफोन भरलेली लांबच लांब केबल शेपटीसारखी ओढत न्यायची पद्धत आली. ३०० मीटरच्या रांगेला १०० हर्ट्झला तीनेक अंशांची नेमकी दिशा मिळते. फक्त सरळ रांगेला डावं-उजवं कळत नाही. त्यासाठी पाणबुडीला वळण घेऊन पुन्हा ऐकावं लागतं.

अंतर तर पॅसिव्ह सोनार थेट सांगतच नाही. दिशा कशी बदलते ते बराच वेळ टिपत राहायचं आणि हिशेब मांडायचा. ९ फेब्रुवारी १९४५ ला नॉर्वेजवळ ब्रिटिश ‘व्हेंचरर’ने मुख्यतः हायड्रोफोनच्या भरवशावर असा हिशेब करून पाण्याखालची जर्मन पाणबुडी ‘यू-८६४’ बुडवली. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला बुडवल्याचं युद्धातलं ते एकमेव उदाहरण आहे.

दिशा मिळाली की प्रश्न उरतो, हे आहे तरी कोण? त्यासाठी आवाजाची वारंवारता वेगवेगळी करून कागदावर (आता पडद्यावर) रेघा काढतात. जहाज ढकलणारा पाच पात्यांचा पंखा मिनिटाला १२० फेऱ्या घेत असेल तर १० हर्ट्झला रेघ उमटते. विजेवर चालणारी यंत्रंही आपली छाप सोडतात. अमेरिकी जहाजांवर वीज ६० हर्ट्झची, रशियन जहाजांवर ५० ची, त्यामुळे राष्ट्रीयत्व सांगणारी रेघच सापडते. आपल्या सोसायटीच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो १०० हर्ट्झला, ५० च्या दुप्पट.

कानापेक्षा रेघांवर भर देण्याचं कारण सोपं आहे. कानाला हवं ते ऐकू येतं. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात टिपलेला ‘ब्लूप’ हा आवाज महाकाय प्राण्याचा म्हणून अजून फिरतो. तो हिम तडकण्याचा होता, आणि फिरते ती ध्वनिफीत १६ पट वेगाने वाजवलेली. सूर्यातून ॐ ऐकू येतो हा फॉरवर्ड त्याच जातीचा. वेग हवा तसा बदलायची मुभा दिली तर प्रेशर कुकरमधूनही मंत्र ऐकवता येतील.

आपल्याकडे कोचीच्या एनपीओएल या प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी ‘उषस’ सोनार विकसित केलं, बनवलं भारत इलेक्ट्रॉनिक्सने, आणि ते सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांवर बसलं. उथळ, उबदार किनाऱ्यावर ऐकणं जास्त कठीण. दुपारी वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो, कारण तो नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे थंड थराकडे झुकतो. सकाळी ऐकू येणारं जहाज दुपारी गायब. त्यात पिस्तुल कोळंबी पंजा मिटते तेव्हा बुडबुडा फुटून ‘कट्’ होतं. हजारोंनी असं केलं की तळतं तेल तडतडावं तसा सततचा गोंगाट उठतो.

आणि मासे. बेलापूरच्या दिवाळे गावात घोळ चिरली की पोटातून हवेची पांढरट, जाडसर पिशवी निघते. हेच भोत. वाळवलं की माशापेक्षा महाग. घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्या कुळातले मासे याच पिशवीवर स्नायू थरथरवून डरकतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाणबुड्यांसाठी लावलेले हायड्रोफोन त्यांच्या भाऊबंदांनी असेच निकामी करून टाकले होते. माशांच्या विणीच्या दिवसांत कोणत्या पट्ट्यात किती आवाज असतो याची नोंद सोनारवाल्यांना ठेवावी लागते ती त्यामुळे.