'जेवण जात नाही': सीमाभागातल्या एका आजाराची पार्श्वभूमी

माझी मावसबहीण सतरा वर्षांची असताना भाकरीचा पापुद्रा सोलायची, त्याचे नखाएवढे तुकडे करायची आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायची. तासाभरानं बघावं तर ओळ तशीच. "एक घास तरी खा की गे," म्हणून मावशी समोर बसून राहायची. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या त्या घरात 'हिला जेवण जात नाही' एवढंच निदान होतं. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध झालं, टॉनिकच्या बाटल्या संपल्या. हा मनाचा आजार असेल, असं कुणीतरी म्हणायला दीड वर्ष गेलं.

या आजाराला नाव मिळालं ते लांब युरोपात. १८७३ च्या सुमारास पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचं. त्यानंतर तीनच वर्षांत, १८७६ ते ७८ चा दुष्काळ बेळगाव-धारवाड भागावर कोसळला. माणसं अन्नावाचून मरत असताना, पुढ्यात ताट असून न जेवणं हाही आजार असतो, हे इथं कुणाच्या मनात यावं? श्रीमंत गोऱ्या मुलींचा आजार, ही समजूत पुढं शंभरेक वर्षं टिकली, आणि ती डॉक्टरांमध्येही होती.

१९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. खाणं नाकारणं, सततच्या उलट्या, ढासळलेलं वजन, बंद झालेली पाळी, सगळं होतं. पाश्चात्त्य पुस्तकांत ठळक असलेली, आपण जाड दिसतो ही भावना मात्र दिसत नव्हती. आमच्याकडच्या मुलीही तसं म्हणत नाहीत. 'घास उतरत नाही', 'पोट गच्च वाटतं' म्हणतात. शिवाय उपास असतातच: सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. उपास म्हटला की कुणी पुढं विचारत नाही, उलट कौतुक होतं. माझ्या बहिणीनं तर शनिवारही धरला होता. २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं, जाडीची भीती बोलून दाखवली नाही तरी वागण्यावरून निदान करायची वाट मोकळी केली आणि पाळी बंद होण्याची अटही काढली. ही अट होती तोवर मुलग्यांचा आजार त्या व्याख्येत नीट बसतच नव्हता.

उपचारांची व्यवस्था कुठून आली, हेही बघायला हवं. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाही इथले मनोरुग्ण धारवाडलाच जायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. रुग्णालय तेच, रस्ता तोच. सरकारी कागदाची भाषा बदलली. सीमाप्रश्नावर माझी मतं ठाम आहेत, तरी कर्नाटकाला एक श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं. १९८५ पासून निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देऊन दाखवले आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. त्याचा भर तीव्र मनोविकार, फेफरं यांच्यावर होता. खाण्याचे विकार त्यात बाजूलाच राहिले.

हे आजार बरे होतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तेही घास चिवडत तासन्‌तास बसू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. हे वाचलं तेव्हा मला ताटातली ती ओळ आठवली. उपासमारच मन तसं करते. म्हणून आधी शरीरात अन्न जावं लागतं, आणि फार खंगलेल्या माणसाला तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या पद्धतीत किशोरवयीन मुलांना जेवू घालायची जबाबदारी आईवडिलांवर असते. समुपदेशक त्यांना हाताला धरून शिकवतो. म्हणजे सगळं काम बोलण्यातून आणि स्वयंपाकघरात.

आमच्या बाबतीत समुपदेशक बाई मनानं चांगल्या होत्या, पण मराठी येत नव्हतं. मधे नर्स दुभाषी. मावशी म्हणाली, "अन्नावरनं मन उडालंय हिचं." नर्सनं सांगितलं, "हसिवु इल्ला." भूक नाही. भूक तर तिला लागायचीच, रात्री पोट धरून झोपायची. ते त्या खोलीत पोचलंच नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. लिंग, लैंगिक कल, जात, धर्म, संस्कृती, वर्ग यांवरून भेदभाव न करता परवडणारे उपचार मिळणं हा त्यानं हक्क केला. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या, यल्लम्माला वाहिलेल्या आणि स्त्रीवेषात राहणाऱ्या जोगप्पांनाही दवाखान्यात या कायद्यानं तोच हक्क आहे. उपचारांसाठी लांब जावं लागू नये, हेही त्यात आहे. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेतून तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठरवली गेली. २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ वर मराठी निवडून बोलता येतं. ही सोय आमच्या वेळी असती तर मावशीचं ते वाक्य जसंच्या तसं कुणीतरी ऐकलं असतं.

संमती घेताना माहिती माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. कायदा लागू झाल्यावर वर्षभरानं एका दवाखान्यात मावशीपुढं दोन पानी फॉर्म ठेवला गेला. एक पान कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. तिनं दोन्ही पानं उलटून बघितली, बोट दाखवलं तिथं पूर्ण नाव लिहिलं, मराठीत.