पाण्याबरोबर उत्तरेकडे: क्योटोच्या ‘तत्त्वज्ञानाच्या वाटे’ची पार्श्वभूमी

क्योटोला जाणाऱ्यांच्या यादीत ‘तेत्सुगाकु-नो-मिची’ बहुधा असतेच. तेत्सुगाकु-नो-मिची म्हणजे तत्त्वज्ञानाची वाट. शहराच्या पूर्वेला हिगाशियामाच्या डोंगरपायथ्याशी, एका अरुंद पाटाच्या काठाने जाणारी ही सुमारे दोन किलोमीटरची पायवाट. अनेक जण गिनकाकु-जी मंदिरापाशी उतरतात आणि तिथून दक्षिणेकडे चालू लागतात. माझा आग्रह उलटा आहे. केआगे स्थानकावर उतरा आणि पाण्याबरोबर उत्तरेकडे चाला. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास होईल, पण ही वाट तिथे का आहे ते चालता चालता समजत जाईल.

क्योटोचा उतार दक्षिणेकडे आहे. कामो नदीही दक्षिणेलाच वाहते. हा पाट मात्र उत्तरेकडे जातो, कारण तो निसर्गाने नव्हे, माणसाने काढलेला आहे.

1869 मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेलं क्योटो ओकंबोकं झालं. दरबार गेला, त्यामागे सरदार, व्यापारी आणि कारागीर गेले. लोकसंख्या एक तृतीयांशाच्या आसपास घटली. 1881 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या कितागाकी कुनिमिची यांनी यावर जुनाच, पण कुणाला न जमलेला उपाय पुढे आणला: डोंगरापलीकडच्या बिवा सरोवराचं पाणी बोगद्यांतून शहरात आणायचं. त्यावर मालाच्या होड्या चालतील, शेतीला पाणी मिळेल, पाणचक्क्यांवर कारखाने उभे राहतील.

हे काम त्यांनी तानाबे साकुरो या तरुणावर सोपवलं. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना तानाबेंनी पदवीचा प्रबंध याच कालव्यावर लिहिला होता. पाहणीच्या काळात उजव्या हाताला इजा झाली, म्हणून प्रबंध आणि आराखडे त्यांनी डाव्या हाताने पुरे केले. 1885 मध्ये काम सुरू झालं तेव्हा त्यांचं वय 23 होतं. मोठी बांधकामं परदेशी अभियंत्यांकडे सोपवण्याचा तो काळ, पण हा कालवा जपानी माणसांनीच आखला आणि बांधला.

सर्वांत अवघड होता बिवा सरोवराकाठच्या ओत्सु शहराजवळचा पहिला बोगदा. लांबी 2,436 मीटर, म्हणजे तेव्हाच्या जपानमधला सर्वांत लांब. दोन्ही तोंडांकडून खणत राहिलं तर फार वेळ जाईल, म्हणून डोंगरावरून विहिरीसारखी खोल उभी खाण पाडली आणि तिच्या तळापासूनही दोन्ही बाजूंना खणायला सुरुवात केली. जपानमध्ये ही पद्धत बोगद्यासाठी प्रथमच वापरली गेली. आत झरे फुटत, पाणी उपसता उपसता माणसं थकून जात. विटांसाठी यामाशिना भागात खास भट्ट्या घालाव्या लागल्या. खर्च साडेबारा लाख येनवर गेला. त्यासाठी नागरिकांवर जादा कर बसला आणि लोक चिडलेही. कामावर 17 जणांचा जीव गेला. पुढे 1902 मध्ये तानाबेंनी स्वतःच्या पैशाने केआगेला त्यांचं स्मारक उभारलं. चालायला सुरुवात करण्याआधी तिथे दोन मिनिटं थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल 1890 मध्ये सम्राट मेइजींच्या उपस्थितीत कालव्याचं उद्घाटन झालं. त्याआधी घडलेल्या एका गोष्टीमुळे मात्र आजच्या वाटेचं रूप ठरलं. मूळ बेत असा होता की केआगेहून उत्तरेकडे जाणाऱ्या फाट्यावर, म्हणजे आजच्या वाटेच्या भागात, शिशिगातानीच्या उतारावर, पाणचक्क्यांची रांग बसवायची आणि तिथे औद्योगिक वसाहत करायची. 1888 मध्ये तानाबे आणि क्योटोचे उद्योजक ताकागी बुन्पेई अमेरिकेला गेले. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला त्यांनी पाण्यावर वीज तयार होताना पाहिली आणि परत येऊन बेत बदलला. 1891 मध्ये केआगेचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोकांना वीज पुरवणारं जपानमधलं ते पहिलं जलविद्युत केंद्र.

चक्की पाण्याच्या काठीच लागते, वीज मात्र तारेवरून कुठेही नेता येते. त्यामुळे कारखाने शहरात गेले आणि डोंगरपायथा शांत राहिला. नान्झेन-जी मंदिराच्या परिसरात पुढे धनिकांचे बंगले आणि बागा झाल्या. बागांच्या तळ्यांत खेळतं पाणी याच कालव्याचं. जपानचे पंतप्रधान राहिलेल्या यामागाता आरितोमो यांची मुरिन-आन ही बाग त्यांतलीच, आणि ती आज पाहता येते. अ‍ॅस्पेनची ती फेरी झाली नसती तर आज चेरीच्या फांद्यांखाली दिसणाऱ्या पाटावर खडखडणारी चाकं असती. या वाटेच्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं वळण हेच.

केआगेला रुळांचा एक लांब उतार दिसतो. तो ‘इन्क्लाइन’. होड्यांना 36 मीटरची उंची पार करता येत नसे, म्हणून त्या गाड्यावर चढवून 582 मीटरच्या या उतारावरून तारेने खाली-वर नेत. ताकद अर्थात केआगेच्याच विजेची. 1948 मध्ये हे बंद पडलं. आता रुळांमधून चालता येतं, आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो. गर्दी मात्र तेव्हा फार, म्हणून सकाळी लवकर या. इन्क्लाइनखालच्या छोट्या बोगद्यात शिरलात तर मान वर करून पाहा: वरचं वजन पेलण्यासाठी विटा पीळ घातल्यासारख्या तिरप्या रचल्या आहेत.

तिथून नान्झेन-जी. मंदिराच्या आवारात अचानक रोमन धाटणीचा विटांचा जलसेतू उभा राहतो. हा सुइरोकाकु, 1888 चा, लांबी 93 मीटर. जुन्या झेन मंदिरात अशी रचना तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत खुपली. आज विटांवर शेवाळ आलंय आणि लोक रांगेने फोटो काढतात. बाजूच्या पायऱ्यांनी वर चढा, पाणी अजून वाहतंय. 2025 मध्ये त्याला आणि कालव्याच्या आणखी काही भागांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

तिथून पुढे एइकान-दो मंदिरावरून न्याकुओजी पुलापाशी आलात की खरी वाट सुरू होते. मुळात ही कालव्याच्या देखभालीसाठी ठेवलेली पायवाट होती. 1910 मध्ये क्योटो विद्यापीठात आलेले तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथे विचार करत फिरत. त्यांच्यानंतरचे तानाबे हाजिमेही (आडनाव तेच, माणूस वेगळा) इथे फिरत. नाव त्यावरून पडलं, पण ते अधिकृत झालं 1972 मध्ये, वाट जपण्यासाठी रहिवासी पुढे आले तेव्हा. वाटेत निशिदांच्या ओळी कोरलेला दगड आहे. आशय असा की लोक ते लोक, मी तो मी, माझ्या वाटेने मी जाणार.

साकुराची झाडं आली 1921 मध्ये. चित्रकार हाशिमोतो कानसेत्सु या भागात राहत. शहराचे उपकार फेडायचे म्हणून पत्नी योने यांनी झाडं लावायचं सुचवलं आणि दोघांनी 300 रोपं दिली. मूळ झाडं बहुतेक गेली आणि त्यांच्या जागी नवी लावली, पण लोक अजून ‘कानसेत्सु-झाकुरा’ म्हणतात. जूनमध्ये गेलात तर अंधार पडेपर्यंत थांबा, या पाटावर काजवे असतात.

पायाखालच्या फरसबंदीकडेही पाहा. केआगेच्या विजेवर 1895 मध्ये जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योटोत धावली. शहराची ट्राम 1978 मध्ये बंद झाली आणि तिच्या मार्गावरचे दगड इथे आणून बसवले.

गिनकाकु-जीच्या पुलापाशी सगळे उजवीकडे मंदिराकडे वळतात. पाणी डावीकडे, पश्चिमेला वळतं. वेळ असेल तर मंदिर पाहून परत या आणि थोडं पाण्याबरोबर जा. तिथे दुकानं नाहीत, घरांची मागची दारं आहेत. तहान लागलीच तर नळाचं पाणी प्या: क्योटोच्या नळाला आजही बिवा सरोवराचंच पाणी येतं.