टायटॅनियम आणि अंगावरचे, सायकलीचे इतर धातू (मराठवाडा)

मनगटातले कडे, बोटातली अंगठी, चष्म्याची काडी, खिशातली चुन्याची डबी आणि दाराशी टेकवलेली सायकल या वस्तू रोज हाताळल्या जातात. त्यांचे वजन, घामात काळे पडणे, ओरखडे आणि मोडल्यावर जोडता येणे न येणे हे सारे त्या कशाच्या बनल्या आहेत यावर ठरते. मराठवाड्यात अशा वस्तूंसाठी चांदी, पितळ, जर्मन सिल्व्हर, लोखंड, स्टील आणि ॲल्युमिनियम हे धातू ओळखीचे आहेत. टायटॅनियम त्या मानाने नवखा आहे. तो येथे मुख्यतः चष्म्याच्या दुकानांतून, घड्याळांतून आणि ऑनलाइन खरेदीतून आला.

आढळ : विकत घेताना टायटॅनियम महाग पडते म्हणून ते दुर्मिळ असावे असा समज होतो. तो बरोबर नाही. पृथ्वीच्या कवचात प्रमाणाने ते नवव्या क्रमांकाचे मूलद्रव्य आहे, आणि मराठवाड्याच्या पायाखाली तर ते भरपूर आहे. या प्रदेशाचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेल्या बेसाल्टावर वसला आहे. या काळ्या पाषाणात टायटॅनियम डाय-ऑक्साइड साधारण १ ते ४ टक्के असते. वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले आणि दौलताबादच्या किल्ल्याचा कडा ज्यातून तासला, तो हाच दगड. तो झिजून कापसाची काळी जमीन झाली. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या काठी बारीक काळी रेती साचते. जुन्या स्पीकरमधून काढलेले लोहचुंबक तिच्यात फिरवले की त्याला काळ्या कणांची दाढी येते. गावोगावची पोरे हा खेळ खेळतात. त्या कणांत लोहाबरोबर टायटॅनियमही असते.

अवघड आहे ते खनिजातून धातू मोकळा करणे. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन कोळशाने काढता येतो. टायटॅनियम तापले की कार्बन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांपैकी जे भेटेल त्याला धरून बसते आणि ठिसूळ होते. म्हणूनच १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर यांना इंग्लंडातील कॉर्नवॉल येथे हे मूलद्रव्य सापडले, १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट यांनी त्याचे नामकरण केले, तरी शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडले. आज रूढ असलेली रीत विल्यम क्रोल यांची आहे. खनिजावर क्लोरीनची क्रिया करून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव बनवतात, आणि हवा वगळून, आरगॉन वायूत, वितळलेल्या मॅग्नेशियमकडून त्यातला क्लोरीन काढून घेतात. मागे राहतो तो सच्छिद्र गोळा, ज्याला ‘स्पंज’ म्हणतात. भारतात केरळच्या चवरा किनाऱ्यावरील वाळूत या धातूचे खनिज विपुल आहे, आणि तेथे २०११ मध्ये स्पंजचा कारखाना सुरू झाला. स्पंजपासून मिश्रधातू, सळ्या व पत्रे हैदराबादच्या मिश्र धातु निगममध्ये तयार होतात. १९५६ पर्यंत मराठवाड्याचा कारभार जेथून चालला, तेच हे शहर.

जगात निघणाऱ्या टायटॅनियम खनिजाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग धातू न होता पांढरा रंग म्हणून खपतो. भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, कागद यांची पांढुरकी त्यातलीच. साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या मडगार्डवर जो पांढरा पट्टा असतो, त्याच्या आजच्या रंगातही बहुधा हेच द्रव्य असते.

गुणधर्म : एका घन सेंटिमीटरचे वजन पोलादाचे सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५ आणि ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम भरते. म्हणजे टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा हलके नाही, जाहिराती काही म्हणोत. त्याची खरी ताकद अशी, की ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेले टायटॅनियम साध्या पोलादाहून बळकट असून वजनाला जवळजवळ निम्मे असते. ताठपणात मात्र ते पोलादाच्या अर्ध्यावर येते. तेवढ्याच जाडीची नळी टायटॅनियमची असेल तर दुप्पट लवते आणि भार काढला की परत सरळ होते. ‘टायटॅनियमला ओरखडा पडत नाही’ हेही खरे नाही. शुद्ध टायटॅनियमवर किल्लीचा ओरखडा सहज उमटतो. गंजत मात्र ते खरोखरच नाही. हवा लागताच पृष्ठावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, खरवडला तरी क्षणात पुन्हा धरतो, आणि घाम, मीठ, लिंबू यांना तो दाद देत नाही.

अंगावरच्या वस्तू : मराठवाड्यात धातू अंगावर वागवण्याची सर्वांत ठसठशीत परंपरा नांदेडला दिसते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला त्या तख्त सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात दुकानांसमोर कड्यांचे घोसच्या घोस टांगलेले असतात. सरबलोह म्हणजे शुद्ध लोखंडाचे कडे घामाने तांबूस होते, मनगटावर पुसटसा डाग सोडते आणि रोज घासून लख्ख करावे लागते. स्टेनलेस स्टीलच्या कड्याला ही निगा लागत नाही. तरी लोखंडाचेच घेणारे आहेत, आणि ते समजण्यासारखे आहे: तेथे धातू हा श्रद्धेचा भाग आहे, सोयीचा नाही.

तंबाखू-चुन्याच्या डबीची गोष्ट वेगळी. डबी ॲल्युमिनियमची असेल आणि चुना ओला असेल, तर चुन्याच्या बाजूचा पत्रा आतून पांढरा, खरबरीत होत जातो आणि शेवटी त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. चुना हा अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा (अल्कली), आणि अल्क ॲल्युमिनियमचा संरक्षक थर विरघळवतो. पितळेची, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची डबी हा त्रास देत नाही. अंगावरच्या वस्तूला नुसता घाम सोसून भागत नाही, तिच्यात काय ठेवणार हेही पाहावे लागते.

बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांत चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते. निकेल काही जणांच्या कातडीला सोसत नाही. कानाच्या पाळीला खाज, घड्याळाच्या मागे लालसर चट्टा, जीन्सच्या बटणाखाली पुरळ ही त्याची नेहमीची लक्षणे. उन्हाळ्यात परभणी-नांदेडचा पारा ४२ अंशांपुढे जातो, घाम थांबत नाही, आणि घामात निकेल विरघळून कातडीत उतरते. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले असल्याने बहुतेकांना चालते. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियम हा उत्तम पर्याय आहे. हाडाच्या शस्त्रक्रियेत शरीरात बसवण्यासाठीही तो धातू याच कारणाने निवडला जातो. एक सावधगिरी हवी: वाकवला तरी परत सरळ होणारा ‘मेमरी’ चष्मा निकेल आणि टायटॅनियम यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा असतो, तेव्हा निकेल न सोसणाऱ्याने तो घेताना विचारून घ्यावे.

घड्याळांत टायटॅनियम १९७० मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीने प्रथम आणले. भारतातील टायटन या घड्याळाच्या नावाचा या धातूशी संबंध नाही. टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू या नावांच्या आद्याक्षरांतून ते जुळवले आहे. स्वस्त घड्याळांच्या सोनेरी पट्ट्यांवर ‘टायटॅनियम’ लिहिलेले असते ते अनेकदा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा असतो, आत स्टीलच.

टायटॅनियमवर रंग चढवायला शाई लागत नाही. वस्तू विजेच्या धन टोकाला जोडून क्षाराच्या पाण्यात बुडवली की ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यातून परावर्तित होणारा प्रकाश रंगीत दिसतो: ३० व्होल्टच्या आसपास निळा, ६० च्या आसपास पिवळा, ७० च्या पुढे गुलाबी-जांभळा. मोरपिसासारखा तो रंग पाहताना छत्रपती संभाजीनगरातील बिदरी कारागिरांची आठवण होते. तेही जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्याचा पृष्ठ नवसागर मिसळलेल्या मातीने काळा करतात आणि चांदीची नक्षी त्यातून उजळून निघते. दोन्हीकडे रंग धातूवर लावलेला नाही, धातूतूनच उठवलेला आहे. बिदरीचा काळा तेलाने जपता येतो. टायटॅनियमचा रंग घासला की गेला, पुन्हा चढवावा लागतो.

टायटॅनियमच्या अंगठीचा तोटा सांगितला पाहिजे. बोट जाड झाले तर सराफ सोन्याची अंगठी सैल करून देतो, ही होत नाही. बोट सुजले तर ती कापता येते, पण साध्या हातकटरने वेळ लागतो. शेतात, यंत्रावर काम करणाऱ्याने कोणत्याच धातूची अंगठी घालू नये, हे अधिक महत्त्वाचे.

ओळख : लोहचुंबकाने टायटॅनियम ओळखता येत नाही, कारण दागिन्यांचे स्टीलही बहुधा चुंबकाला चिकटत नाही. सराफाच्या काट्यावर मात्र सोपी परीक्षा होते. वस्तू आधी कोरडी तोलावी, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलावी. ४५ ग्रॅमची वस्तू पाण्यात १० ग्रॅमने हलकी भरली तर टायटॅनियम, ६ ग्रॅमच्या आत-बाहेर हलकी भरली तर स्टील. ग्राइंडरवर स्टीलच्या ठिणग्या पिवळसर-नारिंगी पडतात, टायटॅनियमच्या डोळे दिपवणाऱ्या शुभ्र, आणि ॲल्युमिनियमच्या पडतच नाहीत.

सायकल : मराठवाड्याची सायकल ही पोलादाची. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली लेडीज सायकल असो की घागरी वाहणारी जुनी काळी सायकल, सांगाडा साध्या पोलादी नळ्यांचा असतो. टंचाईत २० लिटरचा एकेक कॅन दोन्ही बाजूंना टांगला की चाळीस किलो मागच्या चाकावर येतात, आणि वाट खडकाळ. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पण स्टेशनपासून, टँकरपासून घरापर्यंत ते माणसांनी आणि सायकलींनीच नेले. असा भार सोसताना कॅरिअरचा गज मोडतो किंवा चिमट्याच्या सांध्याला तडा जातो. तालुक्याच्या ठिकाणी गॅसवाला पितळेची कांडी वितळवून तो सांधा अर्ध्या तासात भरून देतो. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी पितळ वितळते, म्हणून नळी न जळता सांधा धरतो. पोलादी सायकलीचे सर्वांत मोठे मोल माझ्या मते येथे आहे.

ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला पितळ धरत नाही. आरगॉन वेल्डिंग केले तरी जोडाजवळचा धातू मऊ पडतो, कारण कारखान्यात त्याला उष्णता देऊन आणलेली कडकी निघून जाते. शिवाय पोलाद आणि टायटॅनियम यांना ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ती सहसा थकत नाहीत. ॲल्युमिनियम हळूहळू थकत जाते. कार्बन फायबर सर्वांत हलके, पण आपटल्यावर आतली चीर बाहेरून दिसत नाही.

टायटॅनियमची सायकल १९७० च्या दशकात अमेरिकेत व युरोपात विकायला आली. आज तिच्या नळ्यांत ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. तिला रंग लागत नाही, पावसात ठेवली तरी गंज नाही, आणि खाचखळग्यांचा दणका नळी थोडा स्वतःच पचवते. दौलताबादचा घाट चढून वेरूळला जाणाऱ्या हौशी सायकलस्वाराला हे सुख कळते. वजनाचा हिशेब मात्र नीट करावा: माणूस, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो होत असतील, तर सांगाड्यातला वाचलेला एक किलो म्हणजे जेमतेम सव्वा टक्का.

दोन धातू एकत्र येतात तेथे वेगळी काळजी लागते. पोलादी किंवा टायटॅनियमच्या नळीत ॲल्युमिनियमचा सीटचा दांडा असेल आणि घाम-पाणी आत शिरले, तर ॲल्युमिनियम पांढरे होऊन फुगते आणि दांडा असा आवळतो की हातोड्यालाही हलत नाही. वर्षातून एकदा दांडा काढून ग्रीस लावले की हा प्रसंग येत नाही.

टायटॅनियमची नळी तडकली तर वेल्डिंग करताना तापलेल्या जोडाला बाहेरून आणि नळीच्या आतूनही आरगॉन द्यावा लागतो. हवा लागली की जोड राखाडी-निळा पडतो आणि पुढच्या खड्ड्यात काचेसारखा फुटतो. चांगला जोड चांदीसारखा किंवा फिकट गव्हाळ दिसतो. स्टीलच्या टाक्या जोडणारे आरगॉनचे कारागीर वाळूजच्या औद्योगिक भागात आहेत. त्यांच्याकडे काम देण्यापूर्वी नळीच्या आत आरगॉन सोडणार का, एवढे विचारून घ्यावे.