काटे उलटे का फिरवायचे नाहीत?

चावीचं मनगटी घड्याळ पहिल्यांदा हातात आलं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस तंबी देतंच : वेळ लावताना काटे उलटे फिरवू नकोस. ही तंबी मुळात मनगटी घड्याळाची नव्हेच, भिंतीवरच्या ठोक्यांच्या घड्याळाची आहे.

तसल्या अनेक जुन्या घड्याळांत ठोके मोजायला खाचांचं एक चाक असतं. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, एवढंच त्याला कळतं. काटा कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काटा मागे नेला की चार वाजता सात ठोके पडायला लागतात, आणि जोर केला तर आतली पट्टी वाकते. म्हणून काटा पुढेच न्यायचा, तोही दर ठोक्याला थांबत थांबत. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ मध्ये, देशभराची वेळ एक तास पुढे नेली तेव्हा हे सोपं होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तो तास परत घेतला, तेव्हा अशा घड्याळाला साधा इलाज म्हणजे लंबक तासभर थांबवून ठेवणं. नाहीतर अकरा तासांचे ठोके ऐकत बसा!

‘चावी’ हा शब्दही असाच मागे राहून गेलेला. खिशातल्या जुन्या घड्याळांना खरोखरच सुटी चावी असे. स्प्रिंगही तिनेच भरायची आणि काटेही तिनेच लावायचे. १८४० च्या दशकात युरोपात ही दोन्ही कामं कडेच्या बोंडाकडे आली. चावी गेली, नाव बोंडाला चिकटलं. आत दाबलेलं असताना फिरवलं तर चावी भरते, बाहेर ओढून फिरवलं तर काटे हलतात.

हे काटे चालत्या यंत्राला न दुखवता हलतात, कारण मिनिटकाट्याची नळी मधल्या दांड्यावर घट्ट बसवलेली असली तरी जोर लावला की सरकते. तासकाटा तिच्याच मागे, बारापट सावकाश. म्हणून साडेतीनला तो तीन आणि चारच्या बरोबर मध्ये हवा. तीनवरच दिसला तर कुणीतरी काटे चुकीचे बसवलेत. सेकंदकाटा या जोडीत नाही, तो थेट चालत्या चाकावर बसतो.

खरा वाद इथेच आहे. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून जपानी सहकार्याने घड्याळं बनू लागली. त्यांतल्या साध्या चावीच्या घड्याळांत बोंड ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही. मग रेडिओच्या ठोक्याशी वेळ जुळवायला लोक काटे किंचित उलट्या दिशेने दाबून धरत : नळीच्या घर्षणाने चाकं अडतात, सेकंदकाटा थबकतो, आणि टूं वाजलं की सोडायचं. दुरुस्तीवाले यावर कपाळाला हात लावतात. जोर केला आणि तेल सुकलेलं असलं तर त्यांचं बरोबर; हलक्या हाताने केलं तर मला यात गैर काही दिसत नाही. तारखेच्या घड्याळात मात्र रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ वगळावी, तेव्हा तारखेचं चाक गुंतलेलं असतं.

उलटं नेल्यावर शेवटचं मिनिट पुढच्याच दिशेने लावावं. दात्यांमधली ढिलाई त्याने भरते, नाहीतर बोंड आत दाबल्यावरही मिनिटकाटा थोडा वेळ जागचा हलत नाही आणि घड्याळ मागे पडतंय असं वाटतं.