झोन मोठा दिसला म्हणून बॅक्टेरिया मेले असं होत नाही

अगारमध्ये वेल पाडून झोन मोजायची टेस्ट मायक्रोबायोलॉजी केलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. थोडक्यात: बॅक्टेरिया पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटमध्ये भोक म्हणजे वेल पाडायचं, त्यात डिसइन्फेक्टंट (जंतुनाशक) घालायचं, आणि भोकाभोवती वाढ न झालेलं वर्तुळ, म्हणजे झोन, दुसऱ्या दिवशी मोजायचं. चीड येते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची. "अ चा झोन २४ मिमी, ब चा ११, म्हणून अ जास्त बॅक्टेरिया मारतो." नाशकातल्या कॉलेजांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात हेच, अंबड-सातपूरकडच्या छोट्या फ्लोअर क्लीनरवाल्यांच्या माहितीपत्रकातही हेच.

झोनमध्ये वाढ झाली नाही एवढंच कळतं, तिथले बॅक्टेरिया मेले की नुसते दबून बसलेत हे ती प्लेट सांगूच शकत नाही. आणि आकार बराचसा ठरतो केमिकल अगारमध्ये किती लांब पसरलं त्यावर. ७०% अल्कोहोल हातावर झटक्यात मारतं पण वेलमधून उडून जातं, झोन जेमतेम. हायपो (ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट) अगारमधल्या पेप्टोनशीच, म्हणजे बॅक्टेरियाच्या खाद्यातल्या प्रथिनांशीच, रिअ‍ॅक्ट होऊन संपतं. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम गटातली जंतुनाशकं) अगारला धरून राहतात, पुढे सरकत नाहीत. मग हे तिन्ही कुचकामी का? ही पद्धत बसवलीये अँटिबायोटिकसाठी, तिथे झोनचा आकार एमआयसीशी (वाढ रोखायला लागणाऱ्या किमान मात्रेशी) ताडून तक्ते केलेत, फरशीच्या लिक्विडला असले तक्ते नाहीत. शिवाय प्लेटवर केमिकलला १८-२४ तास मिळतात, आणि दिंडोरीकडच्या वायनरीत टाकी पेरअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने सॅनिटाइझ करणारा माणूस मिनिटांत काम उरकतो.

मारतं का हे बघायचं तर सस्पेन्शन टेस्ट करा. बॅक्टेरिया मोजून घ्यायचे, डिसइन्फेक्टंटमध्ये सोडायचे, घड्याळ लावायचं, वेळ झाली की थांबवून जिवंत किती ते मोजायचं. युरोपातल्या ईएन १२७६ या डिसइन्फेक्टंट तपासायच्या मानकात ५ मिनिटांत ५ लॉग घट मागतात, एक लॉग म्हणजे दहापट कमी. मिलीला १ कोटी असतील तर ३ लॉगनंतर १० हजार उरतात, ५ लॉगनंतर १००. लेबलवरचं ९९.९% म्हणजे ३ लॉगच, त्यावर भाळू नका. तापमान, मीडिया वगैरे फरक प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असतात, तिथे कोणी अडकत नाही.

अडकतात ते "थांबवून" या एका पायरीवर. ५ मिनिटांनी ते मिश्रण सरळ प्लेटवर ओतलं तर डिसइन्फेक्टंटही बरोबर जातं आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये वाढ अडवत बसतं. सकाळी एकही कॉलनी नाही, सगळे खूश, १००% किल लिहून मोकळे. पण तुम्ही परत झोनचीच टेस्ट केलीत हो, फक्त वेल न पाडता! क्वाटमध्ये तर हे फारच होतं, अगदी थोडं राहिलं तरी वाढ दाबून धरतं. म्हणून वेळ संपल्या क्षणी न्यूट्रलायझर (डिसइन्फेक्टंट निकामी करणारा पदार्थ) हवाच, क्लोरीन आणि आयोडीनला सोडियम थायोसल्फेट, क्वाटला लेसिथिन आणि ट्वीन ८०, नक्की काय लागेल ठाऊक नसेल तर डे-एंगली ब्रॉथ घ्या, त्यात हे सगळं असतं. मला विचाराल तर न्यूट्रलायझरशिवायचा किल डेटा मी वाचतसुद्धा नाही.

आणि नुसता टाकून भागत नाही, तो खरंच काम करतो हे दाखवावं लागतं, त्यासाठी दोन कंट्रोल (तुलनेच्या ट्यूब) लावायचे. आधी न्यूट्रलायझरमध्ये डिसइन्फेक्टंट घाला, थांबा, मग मोजके बॅक्टेरिया सोडा, ते सगळे वाढले पाहिजेत. दुसऱ्या ट्यूबमध्ये नुसता न्यूट्रलायझर आणि बॅक्टेरिया, कारण काही न्यूट्रलायझर स्वतःच मारतात.

"सर, वेळ नव्हता म्हणून झोन केला" हे मला पटत नाही. झोन पण दुसऱ्याच दिवशी मोजता ना? एक ऑर्गॅनिझम, डिसइन्फेक्टंटचं एकच डायल्यूशन, ५ मिनिटं आणि हे दोन कंट्रोल एवढं एका दुपारी लावून होतं, कॉलनी सकाळी मोजा. घाईच असेल तर ऑर्गॅनिझम कमी करा, कंट्रोल नको.