१९८२-८३: एक हंगाम, दोन नियमपुस्तकं

१३ मार्च १९८३ रोजी अटलांटात, अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यात, नॉर्थ कॅरोलिना स्टेट (पुढे नुसतं ‘स्टेट’) या विद्यापीठाच्या संघाने व्हर्जिनियाला ८१-७८ असं हरवलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, युटाह राज्यातल्या ऑग्डेन शहरात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि स्टेट पुन्हा जिंकली, या वेळी ६३-६२ अशी. खेळाडू तेच, प्रशिक्षक तेच, सामनाही ४० मिनिटांचाच. तरी दोघांचे मिळून ३४ गुण कमी झाले. पहिला सामना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेतला होता. तिथे ३० सेकंदांचं शॉट क्लॉक होतं, म्हणजे चेंडू मिळाल्यावर तेवढ्या वेळात बास्केटकडे शॉट घ्यायलाच हवा, आणि तीन गुणांची रेषाही, जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण मिळतात. दुसरा राष्ट्रीय स्पर्धेतला, एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचा. तिथे दोन्ही नव्हतं.

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुरुषांच्या हंगामाला इतका दुभंगलेला कायदा का लाभला, हे समजायला तीस वर्षं मागे जावं लागतं.

व्यावसायिक एनबीएने १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आणलं. हिशेब साधा होता: ४८ मिनिटांच्या सामन्यात २,८८० सेकंद, चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० शॉट, भागाकार २४. कॉलेजांनी मात्र हे घड्याळ तीन दशकं दाराबाहेर ठेवलं. महिलांच्या कॉलेज सामन्यांत १९७० च्या दशकापासून ३० सेकंदांची मर्यादा होती, तरी पुरुषांच्या नियम समितीला घाई नव्हती. प्रशिक्षकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. कॉलेजांत ताकदीची दरी मोठी असते. उंच खेळाडू मिळवू न शकणाऱ्या संघाला चेंडू धरून ठेवणं हेच एकमेव शस्त्र उरतं; ते काढून घेतलं की मोठी विद्यापीठंच जिंकत राहतील, असं त्यांचं म्हणणं. त्याची किंमत प्रेक्षक मोजत होते. १९६८ च्या एसीसी उपांत्य सामन्यात स्टेटने ड्यूकला १२-१० असं हरवलं. डिसेंबर १९७३ मध्ये टेनेसीने टेम्पलवर ११-६ अशी मात केली. १९७९ मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सामन्यात मध्यंतराला गुणफलक ७-० होता.

शेवटच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाचे (हे ‘स्टेट’हून वेगळं विद्यापीठ) प्रशिक्षक होते डीन स्मिथ, आणि चेंडू धरून ठेवण्याची विद्या त्यांनी ‘फोर कॉर्नर्स’ या रचनेत घोटून घोटून तयार केली होती. आक्रमणाच्या अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार खेळाडू, आणि मधल्या मोकळ्या जागेत ड्रिबल करणारा, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणारा, सर्वांत चपळ गार्ड. १९७० च्या दशकात हे काम फिल फोर्ड करत असे. बचाव करणारा खेळाडू चेंडूसाठी पुढे सरसावला की त्याच्या पाठीमागून कोपऱ्यातला गडी बास्केटकडे धावतो आणि सोपा ले-अप, म्हणजे अगदी जवळून मारायचा शॉट, मिळतो. गार्डला दोघांनी घेरलं तर एक जण मोकळा सुटतो. बचाव मागेच थांबला, तर घड्याळ पळत राहतं. ही रचना वेळकाढूपणाची म्हणून बदनाम झाली, पण मुळात ती बचावाला बाहेर खेचायचा सापळा होती. अडचण तेव्हाच होत असे, जेव्हा समोरचा संघ सापळ्यात यायलाच नकार देई.

७ मार्च १९८२ रोजी नेमकं तेच झालं. ग्रीन्सबरो, एसीसीची अंतिम लढत, देशभर टीव्हीवर प्रक्षेपण. नॉर्थ कॅरोलिनाकडे जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स आणि पहिल्या वर्षातला मायकल जॉर्डन. व्हर्जिनियाकडे ७ फूट ४ इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन. सॅम्पसनला बास्केटपासून दूर ओढायचं म्हणून स्मिथ यांनी एका गुणाच्या आघाडीवर चेंडू बाहेरच खेळवायला लावला. सॅम्पसन जागचा हलला तर आतली भिंतच पडणार, म्हणून व्हर्जिनियाही बाहेर येईना. तर्काने दोघेही बरोबर होते. सुमारे सात मिनिटं देशातले काही उत्तमोत्तम खेळाडू चेंडू इकडून तिकडे देत राहिले. निकाल ४७-४५. त्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलिनाने राष्ट्रीय विजेतेपदही पटकावलं, पण टीव्हीवरची ती सात मिनिटं विसरली गेली नाहीत. त्या हंगामात संघांची सरासरी सामन्यामागे ६७-६८ गुणांच्या घरात उतरली होती.

एसीसीने पुढच्याच हंगामात प्रयोग केला: ३० सेकंदांचं घड्याळ आणि १७ फूट ९ इंचांवर तीन गुणांची रेषा. रेषेची कल्पना नवी नव्हती. १९४५ मध्ये कोलंबिया आणि फोर्डहॅम यांनी २१ फुटांच्या रेषेवर एक सामना खेळून पाहिला होता. पुढे १९८०-८१ मध्ये सदर्न कॉन्फरन्सने २२ फुटांची रेषा आखली, आणि २९ नोव्हेंबर १९८० रोजी वेस्टर्न कॅरोलिनाच्या रॉनी कारने तिच्यावरून कॉलेज इतिहासातला पहिला अधिकृत तीन गुणांचा शॉट मारला. एसीसीची रेषा त्या मानाने फारच जवळ होती. आजच्या नजरेला तो जवळजवळ फुकटचा गुण वाटेल. स्टेटच्या टेरी गॅननचे त्या हंगामात तिथून निम्म्याहून बरेच जास्त शॉट आत गेले.

गोची अशी की ही मुभा कॉन्फरन्सपुरतीच होती. एनसीएएच्या ५२ संघांच्या स्पर्धेत जुनाच कायदा चालणार होता. म्हणजे पूर्ण हंगाम ज्या जागेवरून तीन गुण मिळाले, तिथूनच मार्चमध्ये दोन मिळणार. आणि ३० सेकंदांत शॉट घ्यायची सवय लागलेल्या संघाला अचानक पाच-पाच मिनिटं चेंडूच मिळणार नाही अशी शक्यता.

स्टेटचे प्रशिक्षक जिम वाल्व्हानो यांनी या दुसऱ्या अडचणीवर उत्तर शोधलं: मुद्दाम फाउल, म्हणजे नियमभंग, करायचा. यामागचं गणित त्या काळच्या ‘वन-अँड-वन’ नियमात आहे. अर्ध्या सामन्यातल्या सातव्या फाउलपासून समोरच्याला एक फ्री थ्रो (कोणी न अडवता घ्यायचा एका गुणाचा शॉट) मिळे आणि तो आत गेला तरच दुसरा. ६० टक्के अचूकतेच्या खेळाडूकडून अशा वेळी सरासरी ०.६ अधिक ०.३६, म्हणजे ०.९६ गुण अपेक्षित. ५० टक्केवाल्याकडून फक्त ०.७५. बदल्यात आपल्याला चेंडू मिळतो आणि घड्याळ थांबतं. चांगल्या नेमबाजावर फाउल केला तर हाच डाव अंगाशी येतो. ८० टक्क्यांच्या खेळाडूला १.४४ गुण दिल्यासारखं होतं. त्यामुळे कोणाच्या हातात चेंडू असताना हात मारायचा, हे आधी ठरलेलं असावं लागे. पहिल्याच फेरीत पेपरडाइनविरुद्ध मात्र भरवशाचा मानला जाणारा नेमबाजही दडपणाखाली चुकला, आणि जादा वेळेच्या दोन डावांनंतर स्टेट ६९-६७ ने वाचली. एसीसी स्पर्धेआधी १७ विजय आणि १० पराभव अशी अवस्था असलेला हा संघ तिथून सलग नऊ सामने जिंकला.

४ एप्रिल १९८३ ची अल्बुकर्कमधली अंतिम लढत या सगळ्याचा अर्क आहे. ह्यूस्टनकडे अकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर, सलग २६ विजय. मध्यंतराला स्टेट ३३-२५ ने पुढे. मग ह्यूस्टनने १७ गुण करून फक्त दोन दिले आणि ४२-३५ अशी आघाडी घेतली. शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, खेळाडू धापा टाकत होते. ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुइस यांनी इथे खेळ संथ केला. घड्याळ नसल्यामुळे तसं करायची मोकळीक होती, आणि माझ्या मते याच मोकळिकीने त्यांचा घात केला. पळत जाऊन डंक मारणारा, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणारा संघ उभा राहिला, फ्री थ्रोच्या रेषेवर गेला आणि तिथे चुकत गेला. डेरेक व्हिटेनबर्गने लांबून दोन-दोन गुणांचे शॉट मारत बरोबरी साधली. एसीसीत त्यांचे तीन-तीन मिळाले असते. ५२-५२ वर मिनिटभर उरलं असताना ह्यूस्टनच्या अल्विन फ्रँकलिनचा वन-अँड-वनचा पहिलाच फ्री थ्रो हुकला. मग स्टेटनेही घड्याळ संपेपर्यंत चेंडू धरला, व्हिटेनबर्गचा सुमारे ३० फुटांवरचा शेवटचा शॉट रिंगला न लागता खाली आला, आणि लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच झेलून आत कोंबला. ५४-५२. तो डंक सगळ्यांना आठवतो; त्याआधीच्या फाउलांच्या हिशेबाकडे फारसं कोणी पाहत नाही.

राष्ट्रीय पातळीवर घड्याळ यायला आणखी दोन हंगाम गेले. १९८५ ला स्पर्धा प्रथमच ६४ संघांची झाली. आपल्या विभागात आठवं मानांकन असलेल्या व्हिलानोव्हाने अंतिम सामन्यात २८ पैकी २२ शॉट आत घालून जॉर्जटाउनला ६६-६४ ने हरवलं. घाई नव्हती, म्हणून मनाजोगता शॉट मिळेपर्यंत थांबता आलं. घड्याळाशिवायचा हा शेवटचा अंतिम सामना. १९८५-८६ पासून ४५ सेकंदांची मर्यादा सर्वांना लागू झाली.

रेषा त्यानंतर वर्षभराने आली, १९ फूट ९ इंचांवर. आकडा विचित्र दिसतो, पण त्यामागे भूमिती आहे. फ्री थ्रोची रेषा बॅकबोर्डपासून (रिंगमागच्या फळीपासून) १५ फुटांवर, रिंगचा मध्य बोर्डपासून १ फूट ३ इंच पुढे. म्हणजे रिंगपासून १३ फूट ९ इंच. त्यात फ्री थ्रो वर्तुळाची ६ फुटांची त्रिज्या मिळवली की १९ फूट ९ इंच. नवी रेषा वर्तुळाच्या माथ्याला टेकते. नियम समितीचे सचिव-संपादक एडवर्ड स्टाइट्झ यांनी तिचा हिरीरीने पुरस्कार केला. अनेक प्रशिक्षक नाराज होते, इंडियानाचे बॉब नाइट त्यांच्यात अग्रभागी. आणि १९८७ चं विजेतेपद नाइट यांनाच मिळालं: अंतिम सामन्यात स्टीव्ह आल्फर्डने १० पैकी ७ तीन गुणांचे शॉट आत घातले.

१९९०-९१ पासून दहाव्या फाउलपासून दोन्ही फ्री थ्रो हमखास मिळू लागले, तेव्हा वाल्व्हानोंच्या डावाचं गणितच बिघडलं: त्याच ६० टक्के खेळाडूकडून आता १.२ गुण जाऊ लागले. घड्याळ १९९३-९४ मध्ये ३५ सेकंदांवर आलं आणि २०१५-१६ मध्ये ३० वर. रेषा २००८-०९ मध्ये एक फूट मागे गेली, आणि २०१९-२० पासून वरच्या स्तरावर २२ फूट पावणेदोन इंचांचं आंतरराष्ट्रीय अंतर आलं. कोपऱ्यात बाजूच्या रेषेपाशी पाय ठेवायला जागा उरावी म्हणून तिथे ती काही इंच आत घेतलेली आहे.